धुऊनही रीळ गंजतंय? खाऱ्या पाण्यासाठी गळाचं सामान निवडताना

दिवाळीत घेतलेलं रीळ शिमग्याच्या आत करकरायला लागतं. हँडल फिरवताना आत रेती असल्याचा भास होतो, बेल (दोर धरणारी तारेची कमान) मिटताना अडतो, रॉडच्या गाइडच्या (दोर ओवायच्या कड्यांच्या) बुडाशी तपकिरी ओघळ दिसतो आणि डबीतले गळ एकमेकांना चिकटून बसलेले असतात. दुकानदाराला विचारा, उत्तर ठरलेलं: "धुतलं नसेल तुम्ही." धुतलेलं असतं. मग त्याच किमतीचं, खोक्यावर ठळक अक्षरात 'सॉल्टवॉटर' लिहिलेलं दुसरं रीळ घेतलं जातं आणि पुढच्या शिमग्याला पुन्हा तीच रड.

मुंबईच्या खडकांपासून वेंगुर्ल्याच्या जेटीपर्यंत हौसेने गळ टाकणाऱ्या बहुतेकांची ही तक्रार आहे. माझ्या मते यात धुण्याचा दोष थोडा आणि निवडीचा जास्त. आपण रीळ घेताना त्याचं अंग बघतो: धातूचं आहे का, हातात जड लागतं का, बेअरिंगं किती. गंज मात्र सुरू होतो एखाद्या एवढ्याशा स्क्रूपासून, स्प्रिंगपासून किंवा दोर ज्यावरून फिरतो त्या रोलरच्या बेअरिंगपासून. म्हणून सामान घेताना त्यातला सगळ्यात लेचापेचा भाग कोणता आणि तो आपल्याला उघडून धुता-बदलता येतो का, हे आधी बघावं.

आधी गंजाचा रंग बघा

जुनं सामान फेकण्यापूर्वी ते उजेडात धरून नीट पाहा. कोणता धातू हरला हे रंगावरून कळतं आणि पुढची खरेदी त्यावर ठरते.

लालसर तपकिरी गंज म्हणजे लोखंड किंवा पोलाद. स्प्लिट रिंगवर (आमिषाला गळ जोडणाऱ्या कडीवर) तो दिसला तर ती निकेलचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाची होती असं समजा. मुलामा टिकतो तोवर ती स्टेनलेससारखीच चमकते, एकदा कुठे तडा गेला की आतून पोखरत जाते आणि भरल्या वजनाला सुटते. रिळाच्या स्क्रूवर हा रंग आला असेल तर कंपनीने तिथे काटकसर केली आहे.

पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मिश्रधातू. रिळाच्या पायावर, स्पूलच्या (दोर गुंडाळायच्या चकतीच्या) काठावर आणि स्क्रूभोवती ती हमखास सापडते. अंगावरचा रंग फुगून फोड आले असतील तर खालीही हीच भुकटी असणार. बरेच जण तिला वाळलेलं मीठ समजून पुसून टाकतात. मीठ पाण्याने विरघळतं, ही भुकटी विरघळत नाही. एवढी परीक्षा पुरे.

हिरवा थर म्हणजे तांबं किंवा पितळ: जुने स्विव्हल (दोराचा पीळ काढणारे फिरते जोड), रिळातलं पितळी पिनियन म्हणजे छोटं गिअर. नुसता हिरवा थर फारसा घातक नसतो. पण पितळ गुलाबीसर, निस्तेज दिसायला लागलं तर ते तुकडे तत्काळ टाकून द्या. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे भुसभुशीत तांबं उरतं. आकार तोच दिसतो, ताकद गेलेली असते. मोठा मासा लागल्यावर स्विव्हल मधूनच तुटतो तेव्हा कारण पुष्कळदा हेच असतं. खाडीच्या काळ्या, कुजकट वासाच्या गाळात पितळ लवकर काळं पडतं. तो गंधकाचा प्रताप. पाणी मचूळ आहे, समुद्राएवढं खारट नाही, म्हणून खाडीवर निर्धास्त राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

स्टेनलेसवर सुईच्या टोकाएवढे काळे-तपकिरी ठिपके असतील तर गंज वरवरचा समजू नका. ते खड्डे असतात. तोंड लहान, आत खोल.

सुकवलेलं सामान का गंजतं

मीठ स्वतः हवेतलं पाणी ओढतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं व्हायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरतं. कोकणात एवढी कोरडी हवा क्वचितच. म्हणजे फडक्याने पुसून कोरडं केलेलं रीळ रात्री आतून पुन्हा ओलं होतं, तेही अतिशय तीव्र खारवणाने. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. स्क्रूच्या आट्यांत सुकत आलेल्या थेंबात त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा लढाई पाण्याशी कमी आणि मागे राहिलेल्या मिठाशी जास्त आहे. ज्या फटीत गोडं पाणी पोचत नाही ती फट खरेदीच्या वेळीच शोधायला हवी.

'स्टेनलेस' एवढं पुरत नाही

दुकानात मिळणाऱ्या स्टेनलेसच्या बहुतेक वस्तू ३०४ प्रतीच्या असतात: साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खारट पाण्यात फरक पडतो तो त्याच्यामुळे. तरी ३१६ म्हणजे अभेद्य असं नव्हे. पाण्यातल्या क्लोराइडचा ढोबळ आडाखा असा आहे की ३०४ लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत निभावतं, ३१६ हजारापर्यंत. समुद्रात क्लोराइड १९,००० च्या घरात असतं. तरीही आपली ३१६ ची वस्तू वर्षानुवर्षं टिकते, कारण ती कायम पाण्यात नसते आणि आपण ती धुतो. धुणं बंद केलं की तीही ठिपके धरते.

लोहचुंबक लावून बघण्याची पद्धत दुकानात सर्रास चालते. तिने इतकंच कळतं: चुंबक खटकन चिकटला तर ते साधं पोलाद किंवा कठीण जातीचं स्टेनलेस. न चिकटल्यास ३०४ की ३१६ हे चुंबक सांगू शकत नाही. शिवाय वाकवून, ओढून तयार केलेली ३०४ ची तार चुंबकाकडे थोडी खेचली जाते, म्हणून हलक्या ओढीवरून माल खोटा ठरवू नका.

रीळ: दुखणं इथून सुरू होतं

सर्वांत आधी जातं ते लाइन रोलरचं बेअरिंग. प्रत्येक वेळी गुंडाळताना ओला, खारट दोर त्याच्यावरूनच पिळला जातो. ते अडकलं तरी रीळ चालत राहतं, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. खुणा मात्र असतात: ओढ आली की बारीक चिवचिव, दोराला वाढता पीळ आणि शेवटी ब्रेडने (विणलेल्या दोराने) रोलरवर पाडलेली खाच. रीळ घेताना रोलरचा स्क्रू बाहेरून दिसतो का, साध्या स्क्रूड्रायव्हरने निघतो का, हे बघा. निघत असेल तर महिन्यातून एकदा खोलून, धुऊन, तेलाचा थेंब सोडला की निम्मी तक्रार मिटते.

बेअरिंग गंजतं याचं नवल वाटायला नको. बेअरिंगचं पोलाद कठीण हवं, म्हणून त्यात कार्बन भरपूर असतो. ४४०सी या नेहमीच्या प्रतीत जवळजवळ १ टक्का. त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशीच बांधलं जातं आणि गंजाशी झुंजायला कमी उरतं. म्हणजे 'स्टेनलेस बेअरिंग' हे ३०४ च्या चमच्याहूनही लवकर गंजू शकतं. रीळ बनवणारी शिमानो आपल्या गंजरोधक बेअरिंगांना एस ए-आरबी म्हणते, डायवा सीआरबीबी. अशी दोन-चार योग्य जागी असणं हे साध्या बारांपेक्षा भलं. खोक्यावरचा '१२+१' हा आकडा बघून भाळू नये. प्रत्येक जादा बेअरिंग म्हणजे गंजायला एक जादा जागा. हँडलच्या मुठीत प्लास्टिकचं बुशिंग असेल तर किनाऱ्यावर मला ते चालतं, नव्हे, आवडतं.

अंग धातूचं की ग्राफाइटचं, यावर वाद रंगतात. ग्राफाइटचं म्हणजे कार्बनतंतू घातलेलं नायलॉनचं अंग गंजत नाही, पण मोठ्या जिताड्याच्या ओढीला स्वस्तातलं अंग थोडं लवतं आणि गिअर खातं. ॲल्युमिनियमचं अंग घट्ट राहतं, मात्र त्यात स्टेनलेसचे स्क्रू असतात आणि दोन निराळे धातू खाऱ्या पाण्याने जोडले गेले की त्यातला दुबळा झिजतो. इथे दुबळा म्हणजे ॲल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी भुकटी आणि वर्षभराने न निघणारा स्क्रू, हे त्याचंच फळ. उपाय सोपा आहे, फक्त तो नवेपणीच करावा लागतो: बाहेरचे स्क्रू एकेक करून काढा, आट्यांना पाण्याने न सुटणारं मरीन ग्रीस लावा, परत बसवा. अंगावरचा रंग खडकावर खरवडला गेला असेल तर तिथेही त्याच ग्रीसचं पातळ बोट फिरवा. उघड्या पडलेल्या तेवढ्याशा जागेवर सगळा मारा होतो.

आता सीलबंद रिळांबद्दल. पेन (Penn) कंपनीच्या स्पिनफिशर ६ सारख्या रिळांना आयपीएक्स५ हा दर्जा आहे. त्याचा अर्थ ठरावीक जोराचा पाण्याचा झोत सोसणं इतकाच. १ मीटर खोल ३० मिनिटं बुडवून ठेवण्याची चाचणी निराळी, तिला आयपीएक्स७ म्हणतात. भरतीच्या लाटेत रीळ बुडालं तर आयपीएक्स५ हमी देत नाही. डायवाच्या मॅगसील रिळांत चुंबकीय तेलाचा पडदा असतो. त्या जागी आपलं तेल सोडायचं नसतं, पडदा बिघडतो. सील चांगलीच गोष्ट आहे, पण एकदा मीठ आत गेलं की तेच सील त्याला आत कोंडून ठेवतं. मुंबई-पुण्यात सर्व्हिसिंग करून देणारा जवळ असेल त्याने सीलबंद रीळ जरूर घ्यावं. मालवण-देवगडकडे स्वतःच्या हाताने सगळं करणाऱ्याने साधं, कमी भागांचं, सुटे भाग मिळणारं रीळ घ्यावं. पैसेही वाचतात.

हँडल अचानक उलटं फिरत असेल तर गंज शोधत बसू नका. एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचमध्ये बहुधा कुणीतरी ग्रीस भरलेलं असतं. त्या छोट्या रोलरांना ग्रीस चालत नाही, पातळ तेलाचा जेमतेम हात पुरतो. पुसून काढलं की क्लच पुन्हा पकडतो.

रॉडचं थोडक्यात

रॉडचं कार्बनचं अंग गंजत नाही, गाइड गंजतात. तेही रिंगेत नव्हे. सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिनाच्या रिंगेला मिठाचं काहीच वाटत नाही. गंज धरतो फ्रेमचा पाय, जिथे तो दोऱ्याखाली आणि इपॉक्सीखाली शिरतो. इपॉक्सीला केसाएवढी भेग पडली की खारं पाणी आत जाऊन बसतं. टायटॅनियमच्या फ्रेमने हा प्रश्न सुटतो, पण किंमत चढते. मध्यम बजेटमध्ये एकसंध स्टेनलेस फ्रेम घ्या आणि भेग दिसली की पातळ इपॉक्सीचा थेंब सोडा. रीळ बसतं त्या सीटचा नट दर वेळी पूर्ण सोडून धुवा. तो तसाच आवळून ठेवणारे पुढे पक्कड घेऊन बसतात.

गळ गंजू द्या

इथे माझं मत उलटं आहे. सगळं सामान गंजरोधक हवं, गळ मात्र तसा नको. स्टेनलेसचा गळ टिकतो खरा, पण तो कार्बन पोलादाइतका कठीण नसतो आणि धार लवकर बोथटते. रावसासारख्या पातळ तोंडाच्या माशाला चालून जाईल, तांबोशीच्या जबड्याला नाही. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. दोर तुटून गळ माशाच्या तोंडात राहिला तर कार्बन पोलादाचा गळ कालांतराने गंजून झडण्याची शक्यता असते, स्टेनलेसचा वर्षानुवर्षं राहतो. अमेरिकेने मेक्सिकोच्या आखातात खडकाळ भागातल्या माशांसाठी नैसर्गिक आमिष वापरताना स्टेनलेस नसलेले सर्कल हुक (टोक आत वळलेले गळ) २००८ मध्ये सक्तीचे केले ते उगाच नाही.

मग निवडायचं काय? मुलामा. तपकिरी 'ब्रॉन्झ' रंगाचे गळ हे गोड्या पाण्याचे. ते नदी-तलावासाठी ठेवा. काळ्या निकेलचे थोडे बरे. समुद्रासाठी कथिलाचा मुलामा उत्तम. गळ बनवणारी मस्टाड कंपनी त्याला ड्युराटिन म्हणते. गळ करकरीत पांढुरका-मंद दिसतो, देखणा नसतो, पण टिकतो. एक मेख आहे: कानस फिरवून टोक धारदार केलं की तिथला मुलामा गेला. तो गळ त्याच दिवशी वापरायचा, डबीत परत जाता कामा नये.

ल्युअर (कृत्रिम आमिष) नवं घेतलं की त्याचे ट्रेबल (तीन टोकांचे गळ) आणि स्प्लिट रिंग तपासा. स्वस्त ल्युअरचं अंग छान असतं आणि लोखंड टाकाऊ. चांगल्या रिंगा वेगळ्या घेऊन आधीच बदलून टाकणं हे मासा हरवण्यापेक्षा स्वस्त पडतं. सुरमईसाठी नायलॉन चढवलेली तार वापरत असाल तर आवरण दातांनी फाटलं की तार बदला. फाटलेल्या जागेतून पाणी आत शिरतं आणि आवरणाखाली तार सडते. बाहेरून काहीच दिसत नाही.

घरच्या घरी परीक्षा

लेबलवर विश्वास ठेवायचा नसेल तर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवा, साधारण समुद्राएवढं होतं. नव्या पाकिटातला एक गळ, एक रिंग, एक स्विव्हल घ्या. प्रत्येक वस्तू वेगळ्या वाटीत ठेवा, कारण दोन धातू टेकले की निकाल बदलतो. वस्तू पूर्ण बुडवू नका, अर्धी वर राहू दे. हवा आणि पाणी जिथे भेटतं तिथे गंज सगळ्यात लवकर येतो. रात्री भिजवा, सकाळी बशीत काढून सुकू द्या, परत भिजवा. दोन-तीन दिवसांत वाईट माल लाल होतो. कारखान्यांत ५ टक्के मिठाचा फवारा ३५ अंश सेल्सिअसला मारून हेच करतात, अधिक शिस्तीने. या परीक्षेने ३०४ आणि ३१६ वेगळे होणार नाहीत, पण मुलामा दिलेलं साधं लोखंड नक्की उघडं पडतं. आणि किनाऱ्यावरच्या दुकानांत मिळणाऱ्या खुल्या मालात तेच जास्त असतं.

धुताय, पण कशाने?

एवढं सगळं नीट घेऊनही गंज येत असेल तर पाण्याकडे वळा. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरी आणि बोअरवेल उन्हाळ्यात खारट होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ जरा पातळ करून परत लावणं. घरात पाण्याच्या मशीनसोबत आलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर तो इथे कामाला येतो. पिण्याच्या पाण्याची आपल्या मानकाप्रमाणे स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. हजाराच्या वर आकडा दिसला तर शेवटचा हात तरी साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा किंवा चांगल्या नळाच्या पाण्याचा द्या. मुंबईकरांना तलावांचं नळाचं पाणी मिळतं, त्यांना ही चिंता नाही. आरओ मशीनच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र कुणीच वापरू नये. ते भांडी-फरशीला ठीक आहे. त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात.

धुण्याआधी ड्रॅग (ओढ आली की दोर सोडणारा ब्रेक) आवळा, म्हणजे पाणी वॉशरांत जात नाही. मग हलक्या धारेने किंवा स्प्रेच्या बाटलीने धुवा. गाडी धुण्याच्या पंपाचा झोत मीठ बाहेर काढत नाही, आत ढकलतो. उन्हात तापलेलं रीळ थंड पाण्यात बुडवलं तर आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं, सील असो वा नसो. आधी सावलीत निवू द्या. सुकल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा.

तेलाबद्दल दोन शब्द. डब्ल्यूडी-४० हे पाणी हटवण्यासाठी १९५३ मध्ये बनवलं गेलं आणि त्या कामाला ते चोख आहे. बेअरिंगात वंगण म्हणून मात्र टिकत नाही आणि आधीचं ग्रीस धुऊन नेतं. पक्कड, सुरी, स्क्रूची डोकी यांच्यावर खुशाल मारा. बेअरिंगला रिळाचं तेल, नसेल तर शिलाई मशीनचं. खोबरेल नको: २४ अंशांच्या आसपास ते थिजतं, थंडीतल्या पहाटे रीळ जड करतं आणि काही महिन्यांत चिकट होतं. चिंच-कोकमाने तांब्याची भांडी लखलखतात म्हणून तीच आंबटाई स्विव्हल आणि गळांना लावू नका, कथिल आणि जस्ताचा मुलामा निघून जातो. व्हिनेगरचंही तेच.

तरीही परत येतोय?

तर स्पूल उलगडून बघा. ब्रेडखाली, अगदी तळाला, ओलसर खारट दोराचे वेढे महिनोन्महिने बसलेले असतात आणि वरून कितीही धुतलं तरी तिथे गोडं पाणी पोचत नाही. तळाशी ॲल्युमिनियमला खड्डे पडलेले दिसतील. हंगाम संपला की दोर पूर्ण सोडवा, बादलीत भिजत घाला, स्पूल धुऊन वाळवा आणि मगच परत भरा. भरताना तळाला तंगूसचे (नायलॉनच्या एकेरी दोराचे) काही वेढे द्या. ब्रेड घसरत नाही आणि तळाला पाणीही कमी धरून राहतं.

डबीतला फोम काढून टाका. तो खारं पाणी पिऊन बसतो आणि झाकण लावलं की आत कायम दमट राहतं. तळाला सुईने भोकं पाडा, वापरलेलं ल्युअर घरी धुऊन सुकेपर्यंत डबीत घालू नका. एका ओल्या ट्रेबलने डबीतली बाकीची सगळी तपकिरी होतात. पावसाळ्यात जून ते ऑगस्ट सामान बंद करून ठेवायचं असेल तर समुद्राकडच्या खिडकीजवळ नको, आतल्या खोलीत, झाकणाच्या डब्यात, सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलला की कमी आचेवर तव्यात परतून त्या दाण्यांतलं पाणी उडवा आणि पुन्हा भरा. तो तवा स्वयंपाकाचा नसावा.